चिरून घ्यावे, धुऊन घ्यावे... कोणी?

दोस्तहो, आपल्या चुलीला आता भाव आलाय.

जिच्या धुरानं गाव बाटत होतं त्या चुलीवर बडे प्रकाशक पुस्तकं काढायला लागलेत. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली मराठीत आलं. महार-मांगांच्या ताटात काय होतं आणि काय नव्हतं, ते एका माणसानं बसून, आठवून, विचारून लिहून काढलं. आपल्यातल्या किती जणांनी ते विकत घेतलं? हात वर करा. २०२४ साली तेच पुस्तक भूषण कोरगांवकरांनी इंग्रजीत नेलं, हार्परकॉलिन्सनं ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ म्हणून काढलं, आणि मग इंग्रजी पेपरवाल्यांना साक्षात्कार झाला की महारवाड्यालाही जीभ असते.

पाटोळ्यांशी माझं भांडण नाही. त्यांनी केलेलं काम आपण सगळ्यांनी मिळून करायला पाहिजे होतं. माझं भांडण वाचणाऱ्यांशी आहे. एक वाचणारा मिटक्या मारतो. दुसरा नाक मुरडतो. मिटक्या मारणारा परका आहे, त्याचं बघू. नाक मुरडणारा आपलाच आहे. निळा गमछा घालून माझ्या शेजारी बसतो, आणि म्हणतो, “हे कशाला उकरून काढताय? बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ना?”

त्याला उत्तर द्यायचंय. पण आधी ही पाककृतीची पुस्तकं म्हणजे काय चीज आहे ते नीट बघू. आपल्यातले कार्यकर्ते दासकॅपिटल चाळतील पण बायकांचं पुस्तक म्हणून हे हातात धरणार नाहीत. मी धरलंय. रद्दीवाल्याकडं मिळतात ही, कव्हर फाटलेली, पानांवर तेलाचे डाग. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो, शाळा नववीला सुटली, त्यामुळं अमुक वाचायचं अन् तमुक नाही असं मला कोणी शिकवलेलं नाही. जे मिळेल ते वाचतो.

मराठीत पाककृतीचं छापील पुस्तक १८७५ साली आलं, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’. म्हणजे जोतिबांनी सत्यशोधक समाज काढल्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. एकीकडं जोतिबा विचारत होते शूद्र-अतिशूद्रांच्या पोटाला काय मिळतं, आणि दुसरीकडं छापखान्यातून पक्वान्नं निघत होती. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ आलं, हजार पाकक्रियांचं. आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’. ‘रुचिरा’ लाखाच्या वर खपलं. लग्न झालेल्या पोरींना आहेरात दिलं गेलं, अमेरिकेला जाणाऱ्यांच्या बॅगेत गेलं. खोटं कशाला बोलू, कमलाबाईंचं एक मला आवडतं. शेर, मापटं, अंदाजपंचे सोडून त्यांनी वाटी-चमच्याचं माप दिलं. ज्या पोरीला काहीच येत नाही तिलाही जमलं पाहिजे, हा हिशेब त्यात आहे. ज्ञान सोपं करून सांगणं आपल्याला कळतं, आपण त्याला नावं ठेवणार नाही.

पण ह्या पुस्तकांची भाषा बघा. चिरून घ्यावे. निवडून घ्यावे. धुऊन घ्यावे. वाटून घ्यावे. अरे, कोणी? क्रियापद आहे, करणारी बाई नाही. मसाला वाटणारी कोण, भांडी घासणारी कोण, पाणी कुठून आणलं, सरपण कुणाच्या डोक्यावरून आलं, काही नाही. सगळं आपोआप होतंय. धान्य आपोआप निवडलं जातं, पाणी आपोआप उकळतं. आमच्या गिरणीच्या ऑफिसातले कागद असेच असतात. ‘उत्पादन वाढविण्यात आले.’ कोणी वाढवलं रे भाड्या? आठ तास फ्रेमच्या पुढं-मागं चालून धागा कोणी जोडला? त्याचं नाव कागदात नसतं.

आता आमच्या घरची वजडी घ्या. नवीन पुस्तकात, नवीन व्हिडिओत वजडी येते. ‘वजडी स्वच्छ धुऊन घ्यावी.’ चार शब्द. मी माझ्या आयला वजडी धुताना बघत मोठा झालो. आधी आतली घाण बाहेर काढायची, ती कुठं टाकायची हा प्रश्न, कारण वस्तीत गटार तुंबलेलं. मग पाण्यात खळबळायची. मग कढत पाणी ओतायचं, पण फार कढत नाही, नाहीतर ते साल धरून बसतं. मग सुरीच्या पाठीनं किंवा बोटांच्या नखांनी ते काळं साल खरवडायचं, घडी-घडीतून. आतड्याची नळी काडीवर उलटी करायची. परत पाणी. परत मीठ लावून चोळायची. परत पाणी. सार्वजनिक नळावर नंबर लावून आणलेले तीन-चार हंडे ह्यातच जायचे. दीड-दोन तास मोडायचे. हाताला वास दोन दिवस. एवढं झाल्यावर शिजायला टाकायची, आणि ते शिजायलाही वेळ खातं. तर हे सगळं चार शब्दांत बसवून तुम्ही पुढं लिहिता, ‘दोन मोठे कांदे बारीक चिरून’. साल्यांनो, सगळी कला त्या चार शब्दांत मेली की!

आणि माप. ‘चार माणसांसाठी.’ कुठल्या चार माणसांसाठी? आमच्यात चार माणसांचं घर मी बघितलं नव्हतं. माझी आजी सांगते, तिच्या सासरी एका वेळेला अकरा पानं. मटणाचं माप ठरलेलं नसायचं, पाण्याचं ठरायचं. माणूस वाढला की तांब्या वाढायचा. रस्सा फार पातळ झाला की भाजलेल्या ज्वारीचं पीठ लावायचं, म्हणजे तो भाकरीला धरतो. हे पीठ लावणं आता ‘पारंपरिक दाटपणा’ म्हणून छापून येतं. त्याचं खरं नाव टंचाई आहे. पण हेही खरं, की त्या टंचाईतून म्हातारीनं जी चव काढली ती टंचाईची नव्हती, तिच्या हाताची होती. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र लिहाव्या लागतील. एक लिहिली की दुसरी खोटी पडते.

आता आपल्या नाक मुरडणाऱ्या दोस्ताकडं येतो.

तो म्हणतो बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं. बरोबर. १९ आणि २० मार्च १९२७, महाड. बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, उष्टे-शिळे तुकडे मागणं सोडा म्हणून सांगितलं. का सांगितलं ते समजून घे. ते मांस आणि ते तुकडे पगार म्हणून मिळत होते. येसकराची पाळी, मेलेलं ढोर ओढायचं, निरोप घेऊन उन्हातान्हात पळायचं, आणि संध्याकाळी दारोदार ‘भाकर वाढा वं माय’ म्हणून ओरडायचं. मजुरीऐवजी शिळं. बाबासाहेबांनी तो सौदा मोडला. आमच्या आज्या-पणज्यांनी एका दिवसात तो मोडला नाही. भुकेला पोर रडत असताना मोडला. त्यांची ती हिंमत कुठल्या पुस्तकात आहे? ‘आम्ही काय खात होतो’ हे लिहिलं नाही तर ‘आम्ही काय सोडलं’ हे कसं कळणार? सोडलं म्हणजे काय सोडलं, एक पोळी सोडली? दुष्काळात समोर असलेलं अन्न सोडलं बाबा!

आणि मेलेल्या ढोराचं मांस वेगळं, आपल्या घामाच्या पैशानं बाजारातून आणलेलं वेगळं. हा फरक करायला जमत नसेल तर तू बाबासाहेब वाचलेला नाहीस, फक्त फोटोला हार घातलायस. बावीस प्रतिज्ञा काढून बघ. दारू पिणार नाही, ही प्रतिज्ञा आहे. ती आपल्यातले किती पाळतात ते सांगू नकोस, मला वस्ती माहीत आहे. प्राणिमात्रांवर दया करीन, हेही आहे. पण ताटात वजडी असली तर तू बाटलास, असं त्यात कुठं आहे? ‘द बुद्धा अँड हिज धम्म’मध्ये बाबासाहेब अहिंसेबद्दल लिहिताना मारायची हौस आणि मारायची गरज यांत फरक करतात. ते पान काढ.

खाण्याबद्दल लिहायची लाज बाबासाहेबांना नव्हती. १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ लिहिलं त्यात त्यांनी गोमांस हा विषय मधोमध ठेवला. कोण काय खात होतं, कोणी कधी सोडलं, का सोडलं, त्यावरून अस्पृश्यता कुठून आली याचा माग काढला. म्हणजे ताट हा पुरावा आहे. पुरावा घरातून बाहेर फेकून देणारा आरोपीला मदत करतो.

समोरच्याचं शास्त्र बघा ना जरा. गीतेच्या सतराव्या अध्यायात अन्नाचे तीन प्रकार केलेत, सात्त्विक, राजस, तामस. शिळं, वास आलेलं, उष्टं, ते तामस, आणि ते तामस लोकांना आवडतं म्हणे. आणि मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढा. त्यात सांगितलंय शूद्राला उष्टं अन्न द्यावं, जुनी वस्त्रं द्यावीत. चांडाळानं फुटक्या भांड्यात खावं. कळलं का गणित? एका पोथीत हुकूम, ह्यांना उष्टं द्या. दुसऱ्या पोथीत निकाल, उष्टं खातात म्हणून हे तामस. स्वयंपाक त्यांचा, ताट त्यांनीच वाढलं, आणि वर आमच्या जिभेला शिव्या. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जळाली. सात्त्विक-तामसचं पाखंड मात्र सोसायटीच्या नियमावलीत, हॉटेलच्या पाटीवर, आणि आमच्याच पोरांच्या तोंडात जिवंत आहे.

जिवंत आहे म्हणजे किती जिवंत? पुण्यात सप्टेंबर २०१७ मध्ये एका चांगल्या शिकलेल्या बाईंनी आपल्या स्वयंपाकीणबाईवर पोलिसात तक्रार केली. गुन्हा काय? जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला. ती स्वयंपाकीणबाई दलितसुद्धा नव्हती, मराठा होती. तिच्या हातचं खाल्लं तेव्हा चव लागली, जात कळल्यावर विटाळ लागला. पुढं बोंबाबोंब झाली तशी तक्रार मागं घेतली. उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यात डिसेंबर २०२१ मध्ये सरकारी शाळेतल्या सवर्ण पोरांनी दलित बाईनं रांधलेलं दुपारचं जेवण नाकारलं. पोरांनी! पोरांना हे कुठल्या पुस्तकानं शिकवलं? सरकारनं त्या बाईलाच आधी कामावरून काढलं, मग ओरड झाल्यावर परत घेतलं. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीच्या मेसमध्ये सहा टेबलं फक्त शाकाहारी म्हणून राखली, आणि त्याच्याविरुद्ध तिथं बसून खाणाऱ्या पोरांपैकी एकाला १० हजार रुपये दंड. आणि २०१५ सालापासून आपल्या राज्यात बैल कापला तर पाच वर्षं तुरुंग आणि दंड तेवढाच, १० हजार. गाय १९७६ च्या कायद्यातच होती, २०१५ साली बैल-वळूही आत घातले. बाहेरच्या राज्यातून आणलेलं जवळ ठेवणं हा गुन्हा नाही, एवढं हायकोर्टानं २०१६ साली मोकळं केलं. पण बाहेरच्या राज्यातून मटण मागवणारा आमच्या वस्तीत कोण आहे?

मटणाचा भाव काय आणि बैलाच्या मांसाचा भाव काय होता, हे कापडबाजारातल्या शेटजीला माहीत नसेल. माझ्या आयला माहीत आहे. रविवारी पोरांच्या अंगाला लागावं म्हणून जे स्वस्तात मिळत होतं ते कायद्यानं गेलं. आणि नेमक्या ह्याच वर्षांत शहरात पुस्तकं निघतायत, ‘विस्मरणात गेलेल्या पाककृती’. विस्मरणात गेल्या नाहीत. बंद केल्या.

म्हणून मिटक्या मारणाऱ्याला माझा नमस्कार लांबून. तो म्हणतो, “वा, जनावराचा कुठलाच भाग वाया घालवत नव्हते तुमचे लोक, किती शहाणपण!” अहो साहेब, चांगला भाग तुम्ही घेतला म्हणून उरलेल्यात शहाणपण करावं लागलं. त्याला रक्ती चाखायची असते, पण रक्ती करणाऱ्या बाईला भाड्यानं खोली द्यायची नसते. चान्या म्हणजे ‘आपल्याकडची जर्की’ असं तो म्हणतो. जर्की कशाला? चान्याला चान्या म्हणताना जीभ झडते काय?

पण नुसतं त्यांच्यावर थुंकून आपण मोकळे होणार असू तर ते सोपं आहे, आणि सोपं ते आपण नेहमीच करतो. आपल्या लग्नात जाऊन बघा. पनीर. मंचुरियन. ‘शुद्ध शाकाहारी’ची पाटी केटररच्या गाडीवर. का, तर साहेबांच्या ऑफिसातले लोक येणार आहेत. चौदा एप्रिलला पुलाव आणि जिलेबी. ठीक आहे, हजार माणसांना तेच परवडतं, हे मी समजू शकतो. पण माझ्या ओळखीत एक घर आहे, पोरगा शिकून नोकरीला लागला, कॉलनीत फ्लॅट घेतला. त्याची आई गावाहून आली तेव्हा तिनं वाळवलेल्या मांसाचा डबा आणला. पोरानं तो खालच्या कचऱ्यात टाकला, कारण जिन्यात वास जाईल. म्हातारी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एस्टीनं परत गेली. हा पोरगा कोण? जयंतीच्या भाषणात सगळ्यात मोठ्यानं जयभीम म्हणणारा. दोस्ता, तुझ्या आईचा डबा टाकायला तुला मनूनं सांगितलं, बाबासाहेबांनी नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी आपल्या बैठकीत कोणी काढत नाही. क्रांतीवर रात्री दोन वाजेपर्यंत बोलणारे आपण, त्या रात्री चहा कितीदा झाला आणि कोणी केला? एकालाही आपल्या आईची कालवणाची कृती सांगता येणार नाही. ‘आईच्या हातची चव’ म्हणून कविता करू, मीही केल्यात. पण वजडी धुवायला बसलोय का? ‘कोणी?’ म्हणून मी बामणी पुस्तकाला विचारतो, तोच प्रश्न आपल्या घरातही पडून आहे. बेबीताई कांबळेंनी, शांताबाई कांबळेंनी भूक लिहिली, चूल लिहिली, आणि दोन्ही पुस्तकं १९८६ सालीच आली. आपण ती ‘स्त्रियांची आत्मचरित्रं’ म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवली. २००९ साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातून शर्मिला रेगे आणि त्यांच्या सोबतिणींनी दलितांच्या अन्नाच्या आठवणींचं एक पुस्तक काढलं, ‘हे ताट भारतीय नाही का’ असा प्रश्नच त्याच्या नावात होता. इंग्रजीत होतं, विद्यापीठात राहिलं. वस्तीत आणायचं काम आपलं होतं.

तर मी म्हणतो, लिहू या. पण त्यांच्यासारखं नाही. आपल्या पानावर क्रियापदाला बाई पाहिजे. कोणी केलं, कुठल्या गावात, कुठल्या साली, त्या दिवशी मजुरी किती मिळाली होती, किती तोंडं होती, सगळ्यात शेवटी कोण जेवलं, तिला काय उरलं. जे खाल्लं ते लिहा, जे मागावं लागलं ते लिहा, जे सोडलं ते कधी सोडलं तेही लिहा. आवडत होतं की नव्हतं तेही लिहा, लाजू नका. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडताना सुकडी मिळायची, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी व्हायच्या. त्या कशा थापायच्या, कारण त्या मोडायच्या, हे माझ्या आजीला येतं. तिला विचारलं तर म्हणाली, “त्यात काय लिवायचं रं लेका? भूक लागली की थापायची.” दोन दिवस मागं लागलो तेव्हा बोलायला लागली, आणि मग थांबेना.

तिची रक्ती मी अशी उतरवून घेतलीय: “आमच्या सासऱ्यानं बोकड कापलं की मी जर्मनचं पातेलं धरायची. पातेल्यात मीठ न् वाईच पानी आधीच घातल्यालं असायचं. रगत पडलं की हलवायचं न्हाई, झाकून ठिवायचं, घट्टं धरतंय. मग सुरीनं वड्या पाडायच्या, उकळत्या पान्यात सोडायच्या, लाल रंग जाऊन काळपट झाल्या की काढायच्या. तेल आसलं तर तेल, न्हाईतर बोकडाचीच चरबी. कांदा लई टाकायचा, कांदा आपल्या शेतातला न्हाई, मालकाच्या शेतात काढाय गेलं की वटीत चार आणायचे. लसूण, लाल तिखट. परतायचं. पोरास्नी भाकरीवर वाढायचं. मला पातेल्याच्या बुडाचं राहायचं, ते पुसून खायाचं, चांगलं लागतंय ते.”

एवढंच. वाटी-चमचा नाही.

अशी पानं पाठवा. अक्षर कसंही असू द्या, शुद्धलेखनाची काळजी करू नका, आई-आजी जशी बोलते तसंच ठेवा, मी उतरवून घेईन. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी येऊन सांगा. ह्या महिन्यात मला रात्रपाळी आहे, सकाळी नऊनंतर मी खोलीवरच असतो.